सांगलीच्या नळ्या

२१ सप्टें., रवि.
दादा सासुरवाडीला सांगलीला गेला आणि मला न विचारता पेंटबॉलच्या बंदुकांसाठी चार लांब नळ्या घेऊन आला. दोस्तानं मागवून दिल्या म्हणे. "कंपनीची नळी लय आखूड हाय रं. नेम कसा लागंल?" अरे, कासची फुलं बघायला आलेली माणसं वाटेत आमच्या मैदानावर घटकाभर खेळतात. त्यांना कुठल्या सीमेवर नेम धरायचाय? कंपनीनं काय झोपेत बनवली बंदूक? रागानं जेवलो नाही. (वहिनीनं ताट झाकून ठेवलं होतं, ते नंतर जेवलो.)

२४ सप्टें., बुध.
बसवल्याच नळ्या. मी यायच्या आत. फौजेतून येऊन वर्ष झालं, अजून सगळं हुकमावर! मैदान दोघांचं आहे म्हटलं, तर, "पटत नसंल तर सांग. पुण्यात गेटवर उभं ऱ्हायाची नोकरी कवाची बोलावतीया." दर वेळी हेच. लोकांच्या फाटकात गाड्यांना सलाम ठोकत उभा राहणार, आणि तेही माझ्यामुळं! तो गेला तर मैदान एकट्यानं कशाला चालवू मी? चिडलो तरी पंचाईत, गप्प बसलो तरी.
नळ्या दिसतात भारी. त्याला सांगणार नाही.

१ ऑक्टो., खंडेनवमी
झेंडू घेऊन आलो तोवर सगळं मांडून तयार. विळे, कोयते, पाने-पक्कड आणि आमच्या सगळ्या बंदुका पाटावर ओळीनं. चकाचक. वहिनीनं हळदकुंकू लावलं. आज भांडायचं नाही ठरवलं होतं. जमलं.

५ ऑक्टो., रवि.
अब्रू गेली. कराडची कॉलेजची पोरं. रंगाच्या गोळ्या नळीतच फुटायला लागल्या, सुटल्या त्या भलतीकडंच. एक मुलगी म्हणाली, "काका, ही बंदूक आहे का पिचकारी?" खेळ अर्धा टाकून गेली सगळी. मी पोरांदेखत दादावर ओरडलो. तुझ्या त्या नळ्या! एक उपसली आणि शेजारच्या उसात भिरकावली. दादा उसात शिरून शोधत राहिला. सापडली नाही.

६ ऑक्टो.
कंपनीच्या नळीवाल्या बंदुका काढल्या, ज्यांच्या नळ्या दादानं बदलल्या नव्हत्या. मारून बघितलं, तेच! आत बोट घातलं तर तेल.
"खंडेनवमीला समद्या नळ्यांत तेलाची चिंदी मारली म्या," दादा म्हणाला. वर ताठ मानेनं. "हत्यार कोरडं ठेवायचं नसतंय."
मी उसळलोच. ही रायफल आहे का? गोळी तेलावरून घसरते, वाकडी जाते! आतल्या रबरी रिंगासुद्धा फुगल्यात, गॅस गळतोय. एका शब्दानं विचारायचं तरी!
त्यानं नळीत बोट घातलं, तेल अंगठ्यावर चोळून बघितलं. मग, "चुकलं गड्या."
हेच ऐकायचं होतं मला इतके दिवस. ऐकलं आणि राग आणखीच भडकला. कुणावर, ते...

८ ऑक्टो.
रिंगा मागवायच्यात. कंपनीच्या का बाहेरच्या, मुद्दाम विचारलं. वाटलं, आता भांडेल. तर, "तू म्हणशील त्या आण." असं कधी म्हणत नाही हा! भांडायला तरी पाहिजे ना माणूस!
मग मीच उसात शिरलो. पाल्यानं हात कापले, पण नळी सापडली. साबणाच्या पाण्यानं धुतली, कोरडी केली, धड असलेल्या एका बंदुकीला बसवली. नेम बरा लागतो. संताप झाला.

९ ऑक्टो.
माळ्यावरची दादाची फौजेची ट्रंक खाली आलीय, आत त्याचे कपडे. वहिनीला विचारलं, कशाला? "तुमीच इचारा त्यास्नी, भावजी."
पुण्याचं विचारलं नाही. दादा न्हाणीत होता. कालची लांब नळीची बंदूक ट्रंकेवर आडवी ठेवली आणि मैदानावर निघून आलो. रिंगा अजून मागवल्या नाहीत. त्यानं सांगितल्याशिवाय मागवणारही नाही.