देवळातला पहिला घोट

बाबूजी, तुमचा पाटा-वरवंटा माझ्या कुडव्याच्या घरी मागच्या अंगणात आहे, आणि त्यावर आजवर मी साधी चटणीही वाटलेली नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षे लोटली की आता तुमच्याशी भांडायला हरकत नसावी. लोक कोणत्या वयात, कोणाच्या संगतीत, कसल्या नशेला लागतात याचा शोध घेण्यात माझे आयुष्य गेले. तुम्ही पुराण सांगत होतात; मी व्याधी कुठून कुठे पसरते ते पाहत हिंडले. दोन्हींकडे मुळापर्यंत जावे लागते, असे मी पूर्वी कौतुकाने सांगत असे. आता सांगत नाही.

कारण या खेपेला मूळ शोधीत मी आपल्याच गावी, तिरोड्याकडच्या तळ्याकाठी, तुमच्या महादेवाच्या देवळाशी पोहोचले. पायऱ्यांवर सुपारी-तंबाखू घोटून केलेल्या खर्र्याच्या पिचकाऱ्या थरावर थर वाळल्या आहेत. दगडाचा मूळ रंग आठवावा लागतो. गाभाऱ्यामागे, तुम्ही लावलेल्या बेलाखाली, खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्यांचा खच आणि हुंगून फेकलेल्या, पंक्चरच्या सोल्यूशनने चिकट झालेल्या चिंध्या. उन्हात तापलेल्या त्या गोडसर दर्पाने मी पदर नाकाला लावला. रोग्यांची वांती हातांनी पुसलेली बाई आहे मी. मला सहसा किळस येत नाही. पण समोर आरतीची घंटा वाजते आहे आणि मागे तीन-चार तरुण बुंध्याला टेकून पेंगत आहेत, आणि दर्शनाला आलेली शहाणी माणसे त्यांना ओलांडून जात आहेत, हे पाहून ती आली.

त्यांतल्या एकाला मी विचारले, ‘‘नशा करतोस का रे?’’

‘‘नाही जी मॅडम. आमी कायले नशा करून राहू?’’ शब्दांआधी लाल तुषार उडाले.

‘‘मग तोंडात काय आहे?’’

‘‘खर्रा होय थो. खर्रा का नशा आहे का?’’

‘‘आणि या बाटल्या?’’

‘‘खोकला राहते जी.’’

‘‘बारा महिने राहते याले!’’ शेजारचा खिदळला. ‘‘पोरगी पाहाले गेला, तईही खोकलूनच राहिला होता.’’

सगळे हसले. मी हसले नाही. घरोघरही हेच उत्तर मिळाले: नशा? छे, आमच्याकडे कोणी करत नाही. तेव्हा मी प्रश्न बदलला. महाशिवरात्रीला काय घेता, आणि पहिल्यांदा कोणाच्या हातून घेतले, असे विचारू लागले. लगेच चेहरे उजळले. ‘‘भांग? थे त प्रसाद होय,’’ एक गृहस्थ अभिमानाने म्हणाले. ‘‘तुमचे बाबूजीच सुरू करून गेले, आमचा आजा सांगते.’’ तो प्रसाद घेणारे सगळेच पुढे वाहवत गेले नाहीत, हे मी जाणते आणि या पाहणीच्या अहवालात तसेच नमूद केले. पण बाटलीपर्यंत पोहोचलेला जो जो मला भेटला, त्याने आपला पहिला घोट तिथलाच सांगितला: बालवयातला, देवळातला, वडीलधाऱ्याने ओंजळीत ओतलेला.

हेही मी लिहिले. तर मंदिर समितीचे अध्यक्ष कुडव्याला घरी आले. तुमच्या हाताखाली भांग गाळणारे ते पोर आता काठी टेकीत चालते. ‘‘ताई, तेवढं एक वाक्य काहाडून टाका,’’ ते म्हणाले. ‘‘पोट्ट्यांले काय बोलाचं थे बोला. पन बाबूजीच्या नावाची पाटी आहे मंदिरात. आपल्याच बापाले कोनी असं लिहिते का?’’ मी चहा दिला आणि वाक्य ठेवले. ज्याने जगाचे विष कंठात अडवून धरले, त्याच्या नावाने साखर घालून ते पोरांच्या घशाखाली उतरवणे, याला प्रसाद म्हणण्याइतकी माझी जीभ अजून विटाळलेली नाही.

आणि तरीही खरे भांडण वेगळेच आहे. मला लहानपणीच्या महाशिवरात्रीचा तो दिवस दिसतो. स्वयंपाकघरात पाट्यावर हिरवा गोळा गुळगुळीत होत चालला आहे, बदाम आणि मिऱ्यांचा वास सुटला आहे, तुमच्या कपाळावर भस्म आणि घाम. दूध मीच आणून दिले आहे. देवळात पोरांची रांग लागते. मीही तिच्यात उभी राहते आणि ओंजळ पुढे करते. तुमचा हात थांबतो. ‘‘तू कायले आलीस इथं? हे तुझ्यासाठी नोहे. जा, हात धुऊन ये.’’ मी तळ्यावर जाऊन हात धुते, धुण्यासारखे त्यांवर काही नसताना.

बाबूजी, देवाच्या प्रसादात भेद नसतो, हे तुम्हीच मला शिकवलेत. तो प्रसाद होता, तर मला का नाकारलात? आणि लेकीला देऊ नये अशी ती वस्तू होती, तर लोकांच्या लेकरांना का दिलीत? तुमचा हात थांबला, म्हणजे ती काय आहे हे तुम्हाला ठाऊक होते. ज्ञात्याने पांघरलेले अज्ञान मला सर्वांत अधिक ओंगळ वाटते, आणि ते मला तुमच्यात पाहावे लागले.

हे पत्र कोणाला पाठवायचे नाही. पाठवायला ठिकाणही नाही. फक्त एक सांगायचे राहिले. यंदाच्या महाशिवरात्रीला मी देवळात गेले होते. अध्यक्षांनी सगळ्यांदेखत भांडे माझ्यापुढे आणले. ‘‘घ्या ताई, बाबूजीच्या हातचीच रीत आहे.’’ मी ठामपणे नाही म्हटले, आणि ते सगळ्यांनी ऐकले. पण शब्द ओठांवर येण्याआधी माझी ओंजळ आपोआप पुढे झाली होती. पदराखाली होती, कोणाला दिसली नसावी.