शिमेसानकडची भिंत

मी, इवाबुची सेइजिरो, वय एकाहत्तर, धंदा तातामी चटया शिवण्याचा, राहणार टोकियो, सुमिदा नदीपलीकडची न्हाणीघराची गल्ली, हे मृत्युपत्र तीन साक्षीदारांसमोर तोंडी सांगत आहे. उजवे अंग लुळे पडले आहे, डोके शाबूत आहे. लिहून घेत आहेत गल्लीतले न्हावी कुसाका. दुसऱ्याच्या बोलण्यात सुधारणा करण्याची त्यांना खोड आहे, ती आज आवरावी.

१. मोठ्या सुया, सुरी आणि कोपराला बांधायचा चामडी पट्टा ज्याला हवा त्याने न्यावा. माझा मुलगा मित्सुहिको नव्या वसाहतीत राहतो, तिथे जमिनीवर गालिचा आहे. त्याने माझा धंदा घेतला नाही याचा मला राग नाही. थोडा आहे.

२. टेलिव्हिजन न्हाणीघराचे मालक ओनुकी यांना द्यावा. गल्लीतला तो पहिला. कुस्त्या असल्या की निम्मी गल्ली माझ्या घरात दाटीवाटीने बसे. भिंतीपलीकडे राहणाऱ्या शेजारच्या शिमेसान तेवढ्या कधी आल्या नाहीत. मी आवाज मोठा ठेवत असे आणि कान अधू असल्याचे सांगत असे. माझे कान ठणठणीत आहेत.

३. शिमेसानशी माझे बोलणे माझी बायको ओनोबु गेली तेव्हापासून बंद आहे. न्हाणीघरात सगळ्या बायकांसमोर त्या म्हणाल्या, या माणसाने आजारी बायकोला मुळ्याचे पाणी पाजून मारले. युद्ध नुकते संपले होते, तांदूळ मिळत नव्हता. मी काय करणार होतो? हे मी विसरलेलो नाही.

४. घर. बाँबच्या आगीत गल्ली जळाली. त्यानंतर शिमेसानचे यजमान, आता कैलासवासी, आणि मी जळक्या लाकडांतून ही दोन घरे एकत्र उभी केली. दोन्हींवर तुळई एकच आणि मध्ये भिंतही एकच. माझे घर पाडले की त्यांचे उभे राहत नाही. मित्सुहिकोला पुढच्या वर्षीच्या ऑलिंपिकआधी इथे तीन मजली सिमेंटची इमारत हवी आहे. घर त्यालाच मिळेल, पण शिमेसान हयात असेपर्यंत त्याने ते पाडू नये. डॉक्टर मुनाकाता म्हणतात, मेल्यानंतर मुलाचा हात धरून ठेवील असे कलम कोणाला लिहिता येत नाही. मला ठाऊक आहे, तरी लिहावे. रोज सकाळी त्या चिलीम शेगडीच्या काठावर आपटतात. तो आवाज आला की मी उठत असे. आता पडून ऐकतो.

इथवर लिहून झाल्यावर भिंतीपलीकडून शिमेसान बोलल्या. जसेच्या तसे लिहा, असे मी कुसाकांना सांगितले.

"अहो सेइजिरोसान, उगाच दम घालवू नका. तुमचा मुलगा मागच्या महिन्यात येऊन घर पाडायच्या संमतीच्या कागदावर माझा सहीचा शिक्का उमटवून घेऊन गेला. येत्या रविवारी मी भाचीकडे चिबाला चालले."

मग मला सांगितले का नाही, असे मी विचारले.

"कसं सांगणार? आपलं बोलणं कुठे होतं? मला वाटलं, तुम्हीच पाठवलंय त्याला."

मी पाठवले नव्हते. तसे मी सांगितले.

कुसाका विचारतात, चौथे कलम खोडू का? खोडू नये. त्याचा आता काही उपयोग नाही, हे मला कळते. तिसरेही तसेच राहू द्यावे. शिमेसाननी माफी मागितलेली नाही आणि मीही अजून मागितलेली नाही.

५. दुसऱ्या कलमात एक दुरुस्ती. रविवारी शिमेसान जाईपर्यंत टेलिव्हिजन इथून हलवू नये. आवाज मोठाच ठेवावा.

हे मला वाचून दाखवले. बरोबर आहे. माझा सहीचा शिक्का मुलाने सांभाळायला म्हणून नेला आहे, म्हणून डाव्या हाताचा अंगठा देत आहे.

इवाबुची सेइजिरो (अंगठा)

साक्षीदार:
कुसाका तामेझो, न्हावी (लिहून घेणार)
मुनाकाता रेइजी, डॉक्टर
हागा इसाकु, टोफूवाले

टोकियो, शोवा ३८ (इ. स. १९६३), नोव्हेंबर १४