काठोकाठ भरलेला तांब्या

अहो,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ हयातीत कधी आलीच नाही. शाळा आणि घर सोडून तुम्ही गेलात कुठं? पण काल आपल्या अंगणात तुमच्या शिष्यांनी शोकसभा घेतली आणि तिथं माझ्या हातून काही घडलं. ते तुम्हाला सांगितल्याशिवाय घास उतरत नाही.

खरं सांगू? मला तुमच्या त्या कापसाच्या अडत्यांचा हेवा वाटायचा. अजून वाटतो! शाळा सुटली की मोताळ्याचे, मलकापूरचे हे व्यापारी सभेत बोलायला शिकायचं म्हणून अंगणात हजर. मुंबईचे खरेदीदार बाजाराच्या सभेत घडाघडा बोलायचे आणि आपली माणसं मान खाली घालून बसायची, हे तुम्हाला सहन होत नव्हतं. मान्य. पण तुम्ही डोळे मिटून त्यांचा शब्द न् शब्द ऐकायचात. "वा! हेच पुन्हा, सावकाश." आणि मला? दूध नासलंय म्हणून मी सांगत होते, तेव्हा "हं" म्हणून तेच दूध चहात ओतलंत.

सगळ्यात जास्त राग नथ्थूशेठचा. जन्मभर रुमालाखाली समोरच्याची बोटं दाबून, न बोलता कापसाचा भाव ठरवणारा माणूस, तोंड उघडायची त्याला सवयच नाही. पहिल्या सभेत शब्द अडला तसा त्यानं शेजारी बसलेल्या नागपूरच्या साहेबांचा हात उपरण्याखाली ओढला आणि बोटं दाबू लागला! साहेब दचकून उभेच राहिले. सभा हसली. तो रडत आपल्याकडे आला.

"मास्तर, माह्या बोटाइले बोलता येते, तोंडाले नाही येत!"

तुम्ही मला तांब्या काठोकाठ भरून आणायला सांगितलंत आणि त्याच्या दोन्ही हातांत दिलात. "बोल. पाणी सांडलं तर पहिल्यापासून." दोन वर्षं हेच चाललं. तांब्या भरायची मी, ओटा पुसायची मी, आणि शाबासकी त्याला. माझ्या हातात कधी दिलात का तो तांब्या? एकदा तरी म्हणालात, बोल?

काल तोच बोलायला उठला. "मास्तर गेले..." म्हणाला आणि थांबला. हात उपरण्यात शिरला, बोटं चाळवू लागली. धरायला समोर कुणाचा हात नव्हता. लोकांनी माना खाली घातल्या.

तुम्ही गेल्यापासून मी उंबरा ओलांडला नव्हता. जाऊबाई पदर ओढत होत्या, "काऊन जाता वो बाहेर?" मी तांब्या भरला, भर सभेत गेले आणि त्याच्या हातात ठेवला.

"धरा. सांडलं तर पहिल्यापासून."

मी दाराशी परतले, आणि मग मात्र तो बोलला. काय बोलला हो! शेवटी म्हणाला, "मास्तर मले सांगत, नथ्थू, साहेबाच्या तोंडाकडे नको पाहू. दाराआड माही बायको उभी राह्यते. तिले पटलं, त सभेले पटलं."

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? मी रोज तिथं उभी असायची, ते तुम्हाला ठाऊक होतं! मग हे मला का नाही सांगितलंत? त्याला सांगितलंत! माझ्या वाटणीचं एवढं एक वाक्य, तेही नथ्थूशेठनं आधी ऐकावं? मी दारात उभी राहून रडले, आणि त्या रडण्यात निम्मा जळफळाट होता.

सभा संपल्यावर तो पायऱ्यांपाशी घुटमळला. "काकू, आता आमाले कोन शिकवीन?" मी म्हटलं, सोमवारी या. तुमच्या खुर्चीत मी बसेन आणि त्यांचं नीट ऐकेन, हा माझा शब्द.

पण त्याआधी रविवारी पाळी माझी. तांब्या काठोकाठ भरून मी तुमच्या रिकाम्या खुर्चीपुढं उभी राहणार आहे आणि इतक्या वर्षांचं सगळं बोलणार आहे. पाणी सांडलं तर पहिल्यापासून. मध्ये कुठंतरी नुसतं "हं" म्हणालात, तरी चालेल.

तुमची, दाराआडची,
गोदा