खालच्या गाळ्याची बोहनी

अहो,

आज सकाळी आपल्या खालच्या गाळ्याचं शटर वर गेलं. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच! त्या खडखडाटानं मी दचकले आणि सवयीनं तुमच्या पलंगाकडे बघून म्हणाले, "उठा, दुकान उघडलं." ओ कोण देणार? म्हणून हे पत्र लिहायला बसले.

मनीषला फोन केला असता, पण त्याचं पालुपद ठरलेलं. "आई, विकून टाक न ते घर. पुण्याले ये. एकटी काहून राहून राहिली तिथं?" खरं सांगू? मीही "बघ बाबा गिऱ्हाईक" म्हणून मोकळी झाले होते. खाली कुलूप, वर मी. दिवसभर बोलायला कुकरची शिट्टी तेवढी.

आठवतं, नंदनवन कॉलनीत घर बांधलं तेव्हा आजूबाजूला नुसती बाभळीची झाडं होती? तुम्ही मात्र खाली दुकानाचा गाळा काढलात आणि नियमच करून टाकला, भाडेकरू कोणीही येवो, पहिलं गिऱ्हाईक घरमालक! "पहिली बोहनी आपल्या हातानं झाली पाहिजे वं, मंग दुकान चालते." आधी एसटीडी बूथ आला. आपल्या ओळखीत फोन होता कोणाकडे? तुम्ही रविवारी आपल्याच ऑफिसात फोन लावलात आणि चौकीदाराला त्याच्या म्हशीची खुशाली विचारलीत.

व्हिडिओ कॅसेटवाला आला तेव्हा आपल्याकडे साधा टीव्हीही नव्हता. कॅसेट आणून कपाटावर ठेवलीत आणि दुसऱ्या दिवशी तशीच परत. सायबर कॅफेत जाऊन स्वतःच्याच पत्रिकेची रंगीत प्रत काढलीत. आणि तो दातांचा डॉक्टर! चांगली धडधाकट माणसं दवाखान्यात बोहनी करतात का हो? नुसते दात साफ करायला म्हणून गेलात आणि एक दाढ कमी करून आलात. गालावर बर्फ धरून वर मलाच सांगत होतात, "हलतच होती तशीबी."

डॉक्टर गेला, केकवाला आला. कोणाचा वाढदिवस नव्हता, तरी केकवर 'शुभ बोहनी' लिहवून आणलात. त्याचंही दुकान चाललं नाही. तुमच्या हाताला यश नव्हतंच, हे तोंडावर कधी म्हटलं नाही, आज म्हणते! पण दुकान बदललं तरी सकाळी शटर उघडायचं, कोणीतरी "काकू, पाणी देता का जी" म्हणून हाक मारायचं. ते सगळं तुमच्याबरोबर बंद झालं.

नवा भाडेकरू रोशन, कळमेश्वरचा. मनीष म्हणाला, घर विकेपर्यंत राहू दे. त्यानं जेन्ट्स पार्लर थाटलंय. काल जिना चढून आला आणि दारातच उभा राहिला. "काकू, सारे म्हणून राहिले का काका असते तर त्यांनीच बोहनी केली असती. आता कोणाले बोलावू?"

"मी येते," मी म्हणाले. तो हसला. त्याला वाटलं, काकू गंमत करून राहिली.

तुम्हाला माझ्या केसांचं सांगायचं राहिलंच. माझा उजवा खांदा जखडला तेव्हापासून वेणी तुम्हीच घालायचात. तिसरा पेड नेहमी सैल, वेणी डावीकडे तिरपी, आणि वर मलाच दटावणी, "हालू नको वं, सुटून राहिली!" मला सवय लावलीत आणि निघून गेलात. तो हात मागे जात नाही हो. मनीष म्हणतो, बाई लाव. दुसऱ्या कोणाचा हात मला नको होता. कसाबसा चिमटा लावून गुंत्यावर गुंता साठवत बसले होते.

आज आंघोळ करून खाली उतरले. समोरच्या कुसुमताई गॅलरीतून ओरडल्याच, "काहून वं सुमन, शोभते का हे? नव्या दुकानात, आन् तू!" पाय थबकला. माझ्या आजीच्या काळी नवरा गेला की न्हावी घरी यायचा, बाईला कोणी विचारत नसे. मी माझ्या पायांनी गेले आणि खुर्चीत बसले. रोशनला म्हटलं, "मानेपर्यंत काप. मला एका हातानं विंचरता आले पाहिजेत."

त्यानं आधी हात जोडले. मग कात्री उचलली आणि हळूच म्हणाला, "काकू, हालू नका जी."

मग मला आवरेना. किती दिवसांनी कोणी असं म्हणालं! बिचारा घाबरला. "रडू नका न काकू, वाढतीन परत." त्याला काय सांगू?

वर आल्यावर मनीषला फोन करून सांगितलं, केस कापलेत, आणि घर विकायचं नाही. तो म्हणाला, "फोटो पाठव." पाठवला.

पाठ फार हलकी लागतेय. सारखा हात मानेकडे जातो आणि तिथं काहीच नसतं. रोशनचं दुकान चालेल का, कोण जाणे! नाही चाललं तर दुसरं कोणी येईल. जे येईल ते येवो, शटर वर गेलं की मी जिना उतरेन. या गाळ्यातलं पहिलं गिऱ्हाईक तुमच्याच घरचं असेल, हा माझा शब्द.

आज अजिबात न हललेली,
तुमची सुमन