शेजारच्या सीटवरचा इसम

बाबा, गाडी भरधाव चालवली म्हणून मला पोलिसांनी पकडलं. हसू नका. जिला तुम्ही "बैलगाडी आहे का ही, घे की पुढे" म्हणायचात, तीच मी. स्वतःला गाडी येत नसताना डाव्या सीटवर बसून तुम्ही मला शिकवलंत. तोंडाने "घे पुढे" आणि उजवा पाय खाली ब्रेक असल्यासारखा दाबलेला. तिथल्या मॅटचं रबर झिजून भोक पडलंय. तुम्ही जाऊन आठ वर्षं झाली, मी ते अजून बदललेलं नाही.

एप्रिलची भर दुपार होती. शाळेतले पेपर तपासून मी अंबरनाथहून बेलवलीला घरी निघालेय, पाइपलाइन रोडला चिटपाखरू नाही, काटा चाळीसवर आहे, बघतेय ना मी. एक हवालदार रस्त्यात येऊन हात करतो. झाडाखाली त्यांचं वेग मोजायचं मशीन. "ब्याऐंशी," तो म्हणतो. मी म्हटलं, "अहो, ढकलत नेली तरी ही गाडी ब्याऐंशीला जाणार नाही." त्याचं लक्षच नव्हतं. तो खिडकीत वाकला आणि माझ्या पलीकडे बघून बोलला, "काका, पट्टा लावा की. आणि पोरीला सांगा जरा, हळू हाण म्हणावं." मी वळून पाहिलं. सीटवर माझी पर्स होती. तो मात्र थांबला, समोरचा काहीतरी बोलतोय म्हणून आपण थांबतो ना, तसा. मग हसला. "आता पाय दाबून काय होणार, काका?" बाबा, मी खाली मॅटच्या त्या भोकाकडे बघितलं. त्याने पावती लिहिली, आणि वेगाच्या खाली 'शेजारील इसम, वय अंदाजे साठ, सीटबेल्ट नाही' हेही लिहिलं. दंड तिथल्या तिथे भरून सुटता आलं असतं. मी भरला नाही. कोर्टात बघू, म्हणाले मी.

हे कुणाला सांगणार? तुम्हाला तर सांगायचीच चोरी. लहानपणी आपल्या क्वार्टर्समधल्या चिंचेवर बाई दिसते असं शेजारणीने सांगितल्यावर मी रडत घरी आले होते, तेव्हा तुम्ही मला तिन्हीसांजेला त्याच चिंचेखाली नेऊन बसवलंत आणि शेंगदाणे खायला दिलेत. "दिसली का बाई? नाही ना? मग घरी चल. आपण बौद्ध माणसं, असलं काही मानायचं नाही." हॉस्पिटलमध्येसुद्धा आईला दम दिलात, "माझ्या नावाने कावळ्याला घास ठेवलास तर बघ." आणि आता माझ्या गाडीत येऊन बसता? असं कसं हो बाबा?

कोर्टाचं मात्र तुमचं वेगळंच होतं. स्कूटरने सिग्नल तोडला नसताना तुम्हाला पकडलं, तर तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून उल्हासनगरच्या कोर्टात खेटे घातलेत. आई स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. "रजा गेल्या सगळ्या! भरून टाका ना मेला तो दंड." तुम्ही चपातीचा तुकडा हातात धरून शांतपणे म्हणालात, "केलं नाही ते केलं म्हणायचं नाही. एवढ्यासाठीच बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलं." सुटलात तेव्हा सिंधी हलवायाकडची मिठाई घेऊन आलात आणि आईने रागारागात तीच पहिली खाल्ली. म्हणून या वेळी मीसुद्धा लढायचंच ठरवलं. उल्हासनगरचा आपला गॅरेजवाला तर पेटलाच. "अरे दीदी, ये खटारा और बयासी? साठ के ऊपर इसका बोनट नाचता है! मैं आके बोलूंगा साहब को."

वकीलबाईंनी पावती वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला. "अहो, ही तर जिंकलेली केस आहे. तुम्ही एकट्या होता ना? मग झालं. हवालदाराला साक्षीला बोलवायचं. ज्याला नसलेला माणूस दिसतो, त्याने मशीनवरचा आकडा तरी नीट बघितला असेल का, एवढंच विचारायचं. तुम्ही फक्त शपथेवर सांगायचं, शेजारची सीट रिकामी होती." मी हो म्हणून घरी आले आणि रात्रभर तेच वाक्य घोकत बसले. शेजारची सीट रिकामी होती. खरंच तर आहे, तुम्हीही हेच म्हणाला असतात. पण बाबा, ते तोंडातून निघेना. नुसतं मनात म्हटलं तरी तुम्हाला हाताला धरून भर रस्त्यात उतरवल्यासारखं वाटायचं. लढले नाही तर तुमचं ऐकलं नाही, आणि लढले तर तुम्ही नव्हतात असं मीच सांगायचं. जाम पेच केलात माझा.

तारखेला मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?" वकीलबाई 'नाही' म्हणायला तोंड उघडणार, इतक्यात मी म्हणाले, "कबूल." बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "मॅडम, वेड्या आहात का तुम्ही? कशाला मग माझा वेळ घेतलात?" मी काय सांगणार, कप्पाळ? केलं नाही ते केलं म्हणून आले मी, तुमच्याच मुलीने हे केलं. रागवा हवं तर. मला त्या दिवशी फार हलकं वाटलं. येताना गाडीत मी एकटीच बडबडत होते, शाळेतलं, आईच्या गुडघ्यांचं, काय वाट्टेल ते.

काल त्याच रस्त्याला तो हवालदार पुन्हा दिसला. त्याने हात केला नाही. मीच गाडी बाजूला घेतली आणि काच खाली केली. का, ते मला नीट सांगता येणार नाही. म्हणजे येईल. त्याने पुन्हा काका म्हणावं, म्हणून. "ओळखलंत का?" मी विचारलं. तो वाकला, माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पलीकडे, आणि अगदी सहज म्हणाला, "हो हो, ताई. आज एकट्याच?"

बाबा, मी 'हो' म्हणाले. हे पत्र काही कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. त्यानंतर मी गाडी तिथेच कडेला ठेवली आणि रिक्षाने घरी आले. भीती नव्हती वाटली. त्या सीटच्या शेजारी बसवेना.