ढगांचं गाऱ्हाणं

बाबा, तुमची नात जगात तिसरी आली. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या पोटात काही राहत नाही, आणि तुम्हालाही गोष्ट शेवटाकडून ऐकायची सवय. कुणी सिनेमा बघून आलं की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला, शेवटी कोण वाचलं ते सांग. तर सगळे वाचले, आणि पोरीच्या गळ्यात पदक आहे. कालपासून माझा घसा बसलाय, काल चाळीत जो आरडाओरडा झाला त्यात माझा वाटा मोठा होता. लालबागच्या आपल्या त्याच खोलीत बसून लिहितेय. लग्नानंतरही आम्ही इथेच राहिलो. चाळ अजून उभी आहे आणि बिल्डर अजून "पुढच्या वर्षी नक्की" म्हणतोय. नातीने तुम्हाला फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलंय, तरी नाक तुमचंच घेऊन आलीय मेली.

विमान म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे सांताक्रूझचं मोठं धूड येईल. तसलं नव्हे हो. रिक्षाचा पत्रा आणि टप काढून टाकल्यावर जेवढं उरेल तेवढा तीन चाकांचा सांगाडा, त्यावर मोठा त्रिकोणी पंख, पाठीमागे इंजिन आणि पंखा. दोन माणसं एकामागे एक, उघड्यावर. मायक्रोलाइट म्हणतात त्याला. आणि पंख कापडाचा असतो, बाबा! पहिल्यांदा तिने दाखवायला नेलं तेव्हा मी आधी तो पंख चिमटीत धरून पाहिला. ती चिडली, "आई, कापड काय बघतेस, विमान बघ ना." गिरणीत कापड विणायचे साचे चालवणाऱ्याची मुलगी दुसरं काय बघणार? पुढे बसून विमान चालवते ती साताऱ्याकडची मुलगी, मागे आपली बाई मांडीला नकाशा बांधून वाट सांगते. यंदा हंगेरीत जगभरातल्या वैमानिकांची स्पर्धा होती, आणि शेवटचे तीन दिवस उरले तेव्हा ह्या दोघी पाचव्या होत्या.

त्या तीन दिवसांत मी काय शिजवलं आणि काय जाळलं, मला विचारू नका. प्रत्येक विमान नकाशावर ठिपका होऊन फिरताना इथे टीव्हीवर दिसायचं. समोरच्या खोलीतल्या काकांच्या सुनेने ते जोडून दिलं. हे काका म्हणजे तुमच्याच खात्यातले, तुमच्या शेजारच्या साच्यावरचे. आता कान गेलेत, पण आवाज गिरणीतलाच आहे. सून म्हणाली, "मावशी, हिरवा ठिपका आपला." काका खुर्ची ओढून पुढ्यात बसले. "हलता मां? मग बरा आसा." पहिल्या दिवशी नुसत्या नकाशावर वाट काढत जायची परीक्षा होती, ती झाल्यावर ह्या एकूणात चौथ्या झाल्या. पाचवरून चार! मी अख्ख्या मजल्याला शिरा वाटला. दुसऱ्या दिवशी तिथे वादळी वारा, कुणालाच उडू दिलं नाही. आता एकच परीक्षा उरली, शेवटच्या दिवसाची, आणि पदक हवं तर त्यातच झेप घ्यायची होती. पोरगी फोनवर म्हणाली, "आई, हीच आमची ताकद आहे. बघच तू." काय परीक्षा आहे ते विचारायचं मी विसरले. मला एवढंच दिसत होतं की ते वादळ, कापडाचा पंख आणि आत माझी मुलगी.

संध्याकाळी काका म्हणाले, "गाऱ्हाणा घालूक व्हया, देवाकडे मागूक व्हया." मजल्यावरची माणसं जमली. नारळ आला, पानाचा विडा आला. पण घालणार कोण? जुनी माणसं गेली, तरुणांना "व्हय म्हाराजा" ओरडण्यापलीकडे काही येत नाही. काकांनी माझ्याकडे बोट केलं. मी म्हटलं, "काका, बायका कुठे घालतात गाऱ्हाणं?" ते म्हणाले, "घालूक नको असा खय लिवलेला आसा? तुझ्या बापाशीसारखा ह्या चाळीत कोणी घालूक नाय. तूच घाल."

बाबा, तुम्ही शेवटचं गाऱ्हाणं घातलंत तो दिवस मला लख्ख आठवतो. संप सुरू होऊन बरेच महिने झालेत. स्वयंपाकघरात आई पेजेत पाणी वाढवतेय. खाली चौकात सगळे मिलवाले उघड्या डोक्याने उभे आहेत आणि तुम्ही हातात नारळ धरून मागताय, गिरणीचो भोंगो वाजू दे रे म्हाराजा. मी मध्येच, तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत, जोरात "व्हय म्हाराजा" ओरडते. पोरं हसतात. वर आल्यावर तुम्ही माझा कान धरता, "आधी काय मागतंत ता ऐकूचा, मगे व्हय म्हणूचा." मला केवढा राग आला होता. आणि मग खरंच एक दिवस भोंगा वाजला. गिरणी सुरू झाली, थोडी माणसं आत गेली, तुम्हाला घेतलं नाही. फाटकावरून परत आलात आणि आईला स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणालात, "मागताना चुकलंय गो. भोंगो मागलंय, माका आत घेऊक मागूक नाय." त्यानंतर दादरच्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांपुढे ठाण उलगडत तुम्ही उरलेली वर्षं काढलीत. गणपतीत लोक विनवायला यायचे, पण गाऱ्हाणं पुन्हा कधी घातलं नाहीत.

म्हणून मी हातातला नारळ दोनदा परत खाली ठेवला. पण सुरुवात केली आणि काय सांगू, शब्द आपोआप येत गेले, तुमच्याच चालीवर. बा देवा म्हाराजा, आमचा चेडू परमुलखात आभाळात गेलेला आसा, तेका वारो लागू नये म्हाराजा! व्हय म्हाराजा! तेका ऊन लागू नये, तेच्या माथ्यावर ढग धर म्हाराजा! व्हय म्हाराजा! उन्हाने तिचं डोकं दुखतं ना लहानपणापासून. काकांच्या आवाजाने खिडक्या हादरल्या. नारळ एका फटक्यात फुटला. मला वाटलं, जिंकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरीचा निरोप आला. "आई, इथे आभाळ पूर्ण भरलंय. सगळ्यांना सारखंच थोडंसं पेट्रोल देणार आहेत, जो जास्त वेळ वर राहील तो पुढे. ऊन असलं की जमीन तापते, गरम हवा वर चढते, इंजिन बंद करून तिच्यावर घारीसारखं फिरत राहता येतं. त्यात आम्ही पक्क्या आहोत. ढगांत काही चालत नाही. असंच राहिलं तर संपलं. फोन जमा करतेय आता." मी निरोप मोठ्याने वाचला. सून माझ्याकडे बघते, मी नारळाच्या करवंटीकडे बघते. काकांच्या कानात सुनेने ओरडून सांगितलं. ते म्हणाले, "अगो, म्हणजे काल आपण सगळ्यांनी मिळान ढग मागलंव?"

हसू नका, बाबा. आईशप्पथ सांगते. तुम्ही त्या दारात कसे उभे होतात, तुमचा चेहरा असा का झाला होता, ते मला त्या मिनिटाला कळलं. आपल्या एका शब्दाने आपल्याच माणसाचं वाटोळं केलं असं वाटणं म्हणजे काय, ते कळलं. आणि त्याच वेळी हेही कळलं की हा शुद्ध वेडेपणा आहे. हंगेरीचे ढग लालबागमधून थोडेच सुटतात? तुमच्या शब्दाने तुमची नोकरी गेली नव्हती हो, ती घेणारे लोक वेगळे होते! इतकी वर्षं तुम्ही ते स्वतःच्या डोक्यावर वाहिलंत, मला ओरडून सांगावंसं वाटलं तुम्हाला. पण काका काही ऐकेनात. "ता रवांदे. मागलेला परत घेवक व्हया." दुसरा नारळ आला. परत सगळे उभे राहिले, परत मीच.

विमानं उडाली तेव्हा इथे संध्याकाळचे दिवे लागले होते. पहिल्या घटकेत ठिपके पटापट खाली उतरायला लागले. एक गेला, दोन गेले, मग एकदम घोळकाच. आपला हिरवा मैदानाच्या कडेला खालीखाली येतोय. सून आकडे वाचून दाखवते, उंची कमी, अजून कमी. मी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात ती किंचाळली, "मावशी, वर चाललीय!" कुठेतरी ढग फाटला असणार, एखाद्या शेतावर उन्हाचा तुकडा पडला असणार. हिरवा ठिपका एकाच जागी गोल गोल फिरतोय आणि आकडे वाढताहेत! मजल्यावरची सगळी पोरं दारात. काका टेबल बडवताहेत, "फिर गो बाय, फिर!" आमचे हे, जे कधी मोठ्याने बोलत नाहीत, ते पलंगावर उभे! शेवटी आभाळात दोनच ठिपके उरले, एक आपला. दुसरा जास्त टिकला, टिकू दे, त्याचीही कुणीतरी वाट बघत असेल. पोरगी मैदानावर नीट उतरली, ह्या परीक्षेत दुसरी, सगळ्या मिळून तिसरी, आणि रात्री तिचा रडका हसरा फोटो आला, पदकासकट. म्हणते, "आई, शेवटच्या क्षणी ऊन कुठून आलं कळलंच नाही." मी म्हटलं, देवाने पाडलं.

हे कुठे पाठवायचं नाही म्हणून लिहिते. त्या दुसऱ्या गाऱ्हाण्याला मी नारळ हातात घेतला, तोंड उघडलं, आणि देवाचं नावच येईना. तुमचं आलं. तुमच्या वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, पुरं. कालचा मागितलेला ढग परत घे म्हाराजा, असं मी तुम्हाला म्हटलं. मग काकांनी, ज्यांना काही ऐकू येत नाही असं सगळे म्हणतात, भरल्या डोळ्यांनी सगळ्यात आधी साद दिली, "व्हय म्हाराजा!"