सात टाक्यांची अकरा चित्रे

मी स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू आधी लिहितो, कारण त्या माझ्या असल्याचा दुसरा कागद नाही. विचुंब्याच्या घराचा जिना (तेरा पायऱ्या, प्रत्येक सात इंच). चित्र गिरवताना कागदाखालून दिवा लावायचे सागवानी टेबल. पनवेल बाजारातल्या एक्केचाळीस दुकानांच्या पाट्या. आणि अकरा पेन्सिलचित्रे.

मी, काळूराम दाजी भोईर, वय त्रेपन्न, हे मृत्युपत्र कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. डोके ठिकाणावर आहे. आज सकाळी पट्टीशिवाय फूटभर रेघ ओढली, मग मोजली. बरोबर भरली.

१. घर व पोस्टातली ठेव पत्नी शोभा हिची. जिन्याला संगमरवर लावू नये, पाय घसरतो.

२. ब्रश धर्मराज पेंटरला. फ्लेक्स आले तेव्हा मला म्हणाला होता, "काळूशेठ, आता भिंतींना चुना लावा." तरी त्यालाच. ब्रश नीट धुतो.

३. दिनानाथ शेठला काही नाही. माझा जर्मन कंपास त्याच्याकडे आहे, तो ठेवून घ्यावा. त्याच्या कार्टून स्टुडिओत मी हलती चित्रे बघून बघून शिकलो. २००६ साली त्याने परदेशी सिनेमा आणला. त्यात यंत्रमाणसे खऱ्या माणसांना कापतात. त्याचे लहान मुलांसाठी कार्टून करायचे होते. रक्त काढून टाकायचे काम माझे. रक्ताचे हिरवे तेल केले, गोळ्यांचा उजेड केला, मेलेले पुढच्या दृश्यात धूळ झटकून उठवले. नायकाचा हात तुटतो, तिथे शेठ म्हणाला, "हे ठेवा, पण पोरं हसली पाहिजेत." मी तुटलेला हात त्यालाच उचलायला लावला आणि बल्बसारखा फिरवून बसवला.

४. आता जे लिहायला पाच वर्षे लागली ते. माझा धाकटा भाऊ कुंदन, शेजारीच राहतो. त्याचा उजवा हात तळोज्याच्या एका कारखान्यात प्रेसखाली गेला, त्याच वर्षी. कार्टूनमधले तुटलेले मनगट मला अंदाजाने काढायचे नव्हते. त्याच्या खाटेशी बसलो आणि सांगितले, भरपाईच्या अर्जाला चित्रे लागतात. हे खोटे होते. वकिलाने चित्रे मागितलीच नव्हती. तीन दिवस तो बिचारा उशीवर हात टेकवून धरत होता, वर विचारायचा, "बरोबर दिसतंय ना, दादा?"

कार्टून टीव्हीवर आले तेव्हा सगळे माझ्याच घरी बसले होते. कुंदनची भाविका, सहा वर्षांची, पोट धरून हसली. मग बापाकडे वळून म्हणाली, "पप्पा, तुमचा कधी बसवायचा?"

कुंदन पडद्याजवळ गेला. पडद्यावरच्या मनगटाला त्याचेच सात टाके, पाचवा वाकडा. "वाकडा बी सोडला नाय तू," एवढेच म्हणाला. त्यानंतर माझ्या जिन्याची एकही पायरी तो चढलेला नाही. मीही त्याच्या दारात गेलो नाही. कोणत्या तोंडाने जाणार होतो?

५. दिव्याचे टेबल भाविकाला. चित्रे चांगली काढते. तिला कोणी सांगू नये की हसण्यात तिची चूक होती.

६. अकरा चित्रे फक्त कुंदनची. ठेवावी, जाळावी, त्याची मर्जी. पण शोभाने ती त्याच्या घरी नेऊन द्यावी. त्याला जिना चढायला लावू नये.

७. कार्टूनचा दुसरा भाग येतोय. हात निघणारे, पुन्हा बसणारे खेळणेही काढणार आहेत. मूळ चित्रांसाठी दिनानाथ गेल्या महिन्यात माझ्या दारात आला होता. मी नाही म्हणालो. कौतुकासाठी हे लिहीत नाही. नकार पाच वर्षे आधी द्यायचा होता, आणि तेव्हा मी फक्त पाठीवर थाप घेऊन घरी आलो होतो. या वेळी चित्रे गेलेली नाहीत, कुंदनने मोजून घ्यावी. नाकारलेली रक्कम: सहा लाख चाळीस हजार रुपये.

विचुंबे, ता. पनवेल. १४ ऑगस्ट २०११.
सही: काळूराम दाजी भोईर
माझ्यासमोर सही केली: रामू पदू घरत. सुनंदा नारायण म्हात्रे.